सहावी बाटली

ऋता : घाई नको, बाबा. आज तपासणीच्या टेबलावर बाटल्या किती होत्या, ते आधी सांगा.

सुधाकर : बाटल्या सहा. पाच तपकिरी, खोकल्याच्या औषधाच्या असतात तशा, आत कापूस. सहावीला काचेचं बूच. शिवाय एक स्टीलचा ट्रे, दोन डॉक्टर, एक फाइल आणि मी.

ऋता : कापूस सगळ्यांत पांढराच?

सुधाकर : पांढराच. रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून. बत्तीस वर्षं अगरबत्तीच्या कारखान्यात मिक्सिंग केलंय बेटा, बाटली कशी लपवायची ते मला विचार.

रजनी : बत्तीस वर्षं मीही ऐकतेय. हा चहा घ्या. वेलची टाकलीय. सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल नुसतं गोड पाणी दिलं.

ऋता : आई, तू आत नव्हतीस?

रजनी : मला बाहेर बाकावर बसवलं. शेजारी एक पाय गेलेला माणूस होता, ट्रकखाली. त्याने विचारलं, आपके साहब को क्या हुआ? मी म्हटलं, नाक गेलं. हे तेवढ्यात बाहेर आले. त्याने यांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाला, नाक तो है.

सुधाकर : बरोबरच बोलला. पाय गेलेला दिसतो. माझं काय दिसणार? डॉक्टरांनीही आधी तेच विचारलं. देवास गेटला अपघात कसा झाला. मी सगळं सांगितलं. दिवाळीनंतरची गोष्ट, स्कूटर उभी होती, मागून पिकअप आली, डोक्याची मागची बाजू दुभाजकावर आपटली. चार टाके. तेव्हापासून कशाचाच वास नाही. ते म्हणाले, बीमा कंपनीचं म्हणणं असं की चार टाक्यांनी नाक कसं जाईल.

ऋता : जातं. डोकं झटक्याने हलतं आणि वासाचे तंतू तुटतात. ते फार बारीक असतात. पुढे सांगा. डोळे बंद करायला लावले?

सुधाकर : डोळे बंद. एक नाकपुडी दाबायची, बाटली खाली धरणार, मग दुसरी. दर वेळी एकच प्रश्न. कुछ आया? मी म्हणायचो, नहीं साहब. पाच बाटल्या, नहीं साहब.

ऋता : आणि सहावी?

सुधाकर : तिलाही नाहीच म्हणालो.

ऋता : डोळ्यांत पाणी आलं होतं?

सुधाकर : रजनी, जरा पोळ्यांचं बघ ना.

रजनी : पोळ्या झाल्यात. माझ्यासमोर बोला काय ते. तिथून निघाल्यापासून बघतेय, फ्रीगंजच्या बाजारात मिठाईच्या दुकानासमोर उभे, फुलवाल्यासमोर उभे. दोनदा विचारलं, काही नाही म्हणाले. मग मला रिक्षात बसवून एकटेच कारखान्यात गेले.

सुधाकर : मग ऐक तूही. पण बाहेर जाता कामा नये. ऋता, मला वास आला.

रजनी : काय?

सुधाकर : सहाव्या बाटलीला. असा कपाळात चढला की मी खुर्चीसकट मागे जाणार होतो. आठ महिने नाकाच्या जागी भिंत होती, समज, आणि त्या भिंतीवर कुणीतरी आतून धपकन हात मारला.

रजनी : अहो, मग नाही का म्हणालात?

सुधाकर : घाबरलो. दुसरं काय. आपल्या वकिलाने, परागने बजावलं होतं ना, थोडाही वास परत आला असं कागदावर गेलं तर कंपनी तेवढंच धरून बसेल. खुर्चीचा हात घट्ट धरला, दम रोखला आणि म्हटलं, नहीं साहब. ते एकमेकांकडे बघून काहीतरी लिहायला लागले. बाहेर येईपर्यंत माझी मलाच लाज वाटायला लागली. देवाने नाक परत दिलं आणि मी ते लपवतोय. मग ठरवून टाकलं.

ऋता : काय ठरवलं?

सुधाकर : केस काढून घ्यायची. ज्या गोष्टीचा मुआवजा मागतोय तीच परत आली, तर पैसे कसले घ्यायचे? सेठना सांगून आलो. ते म्हणाले, सुधाकर भाई, ये तो बड़ी अच्छी बात है, सोमवार से मिक्सिंग में बैठो. आठ महिने पॅकिंगला बसवलं होतं मला. पुड्या मोजायला. आणि माझ्या खोलीत तो सुमीत, जो चंदनात केवडा ओततो. हसतेस काय रजनी, पेठ्यात मीठ टाकल्यासारखं आहे ते.

रजनी : हसत नाहीये मी. नाक पुसतेय.

सुधाकर : ऋता, सोमवारपासून मिक्सिंग. ऐकलंस ना?

ऋता : वास कसा होता?

सुधाकर : कसा म्हणजे? तिखट.

ऋता : तुम्ही असं कधी सांगत नाही, बाबा. मोगरा आणि कुंदातला फरक तुम्ही मला दहा वाक्यांत सांगितला होता. हा वास कशासारखा होता?

सुधाकर : अगं, पहिलाच होता. आठ महिन्यांनी. जोरात होता एवढंच.

ऋता : टोचला की वास आला?

सुधाकर : दोन्ही एकच की.

ऋता : एक नाही. तो अमोनिया होता.

सुधाकर : असेल. अमोनियाला वास नसतो?

ऋता : असतो. पण त्याआधी तो टोचतो. नाकात दोन वेगळ्या नसा आहेत. एक वासाची. दुसरी झोंबणं, गार लागणं, जळजळ कळवते. तुमची पहिली गेली. दुसरी कधी गेलीच नव्हती.

सुधाकर : हे तुला कुणी सांगितलं?

ऋता : सकाळ-संध्याकाळ त्या चार डब्या हुंगता ना, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. निलगिरीच्या डबीला काय होतं?

सुधाकर : गार लागतं. पण ते नुसतं गार लागतं.

ऋता : तीच नस.

रजनी : कांदा चिरताना यांच्या डोळ्यांतून पहिल्या दिवसापासून पाणी येतं. मला वाटायचं, रडतात. म्हणून मी कांदाच द्यायचं बंद केलं.

सुधाकर : कांद्याचा काय संबंध? मी म्हणतोय मला कळलं, आणि तुम्ही दोघी कांदा घेऊन बसल्यात.

ऋता : बाबा, ती सहावी बाटली तिथे मुद्दाम ठेवतात. ज्याचं नाक खरंच गेलंय तो पाच बाटल्यांना नाही म्हणतो आणि सहावीला दचकतो. हो म्हणतो. जो सोंग घेतोय त्याला पाचही येतात, सहावीही येते, आणि तो सगळ्यांनाच नाही म्हणतो.

सुधाकर : मी सगळ्यांना नाही म्हणालो.

ऋता : हो.

रजनी : मग आत्ता जाऊन सांगू. चूक झाली म्हणावं, घाबरले. माणूस घाबरत नाही का?

ऋता : मी लॅबमधून निघताना परागदादाला फोन केला होता, तपासणी कशी झाली विचारायला. त्याला तिथल्या कुणाकडून तरी कळलं होतं की सहाच्या सहांना तुम्ही नाही म्हणालात. म्हणून तर आल्या आल्या तुम्हाला बाटल्या विचारत होते. मी त्याला विचारलं, पुन्हा तपासणी मागता येईल का. तो म्हणाला, अर्ज करता येईल. पण कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, की तेव्हा नाही म्हणालात आणि आता हो म्हणताय, मधे शिकवलं कुणी. आणि घरात मुलगी एमएस्सी केमिस्ट्री.

रजनी : म्हणजे तुझं शिक्षणही आडवं आलं.

सुधाकर : कागदावर काय लिहितील?

ऋता : उत्तरं विश्वासार्ह नाहीत. असं काहीतरी.

सुधाकर : खोटारडा.

ऋता : तो शब्द लिहीत नाहीत.

रजनी : गॅस चालू राहिला त्या दिवशी, मी मंदिरातून वेळेवर आले म्हणून वाचलो. आंबलेलं वरण दोनदा खाल्लं यांनी. अंगाला घामाचा वास येतोय की काय कळत नाही म्हणून माणूस दिवसातून तीनदा अंघोळ करतो, थंडीतसुद्धा. हे कुठल्या बाटलीत येतं का म्हणावं?

सुधाकर : थांब. थांब जरा. खोटारडा म्हणोत. मला त्याचं काही नाही. केस तशीही मी काढणारच होतो. पण ते टोचणं वगैरे मी मानत नाही. फ्रीगंजात फुलवाल्याकडे मोगरा होता. तिथे बाटली नव्हती, अमोनिया नव्हता. तिथे मला वाटलं.

ऋता : मोगरा दिसत होता?

सुधाकर : दिसत होता.

ऋता : बाबा.

सुधाकर : तू शाळा-कॉलेजात शिकलीस ते ठीक आहे. हे माझं नाक आहे. घे परीक्षा. तुझ्या पद्धतीने घे.

रजनी : आज नको. जेवा आणि झोपा. सकाळी बघू.

सुधाकर : सोमवारी मी त्या खोलीत बसणार आहे, रजनी. दोनशे किलोचा घाणा उतरतो एका वेळी. बिघडला तर सेठ हाकलतील, आणि पॅकिंगलाही परत घेणार नाहीत. मला आज कळायला हवं.

ऋता : कपाटातलं तुमचं गुलाबाचं अत्तर कुठलं, लाल झाकणाचं?

सुधाकर : लाल झाकण. पण गुलाब कशाला, कापूर घे, लवंग घे. जोरदार असतं.

ऋता : कापूर गार लागतो, लवंग झोंबते. गुलाब टोचत नाही. गुलाबाचा फक्त वास येतो.

सुधाकर : बरं. गुलाब.

ऋता : आई, दोन सारख्या वाट्या दे. दोन्हींत कापूस. एकीत गुलाबाचा थेंब, एकीत पाणी. बाबांच्या डोळ्यांवर ओढणी बांध. मी दर वेळी दोन्ही वाट्या एकामागून एक नाकाखाली धरेन, क्रम बदलत. बाबा, गुलाब पहिलीत होता की दुसरीत, एवढंच सांगायचं. माहीत नाही असं म्हणायचं नाही. न कळलं तरी एक निवडायचं.

सुधाकर : किती वेळा?

ऋता : वीस. वास येत असेल तर अठरा, एकोणीस, वीसही बरोबर येतील. काहीच येत नसेल तर नाणं उडवल्यासारखं होईल. दहाच्या आसपास.

सुधाकर : आणि सोंग घेत असेल तर?

ऋता : सोंग घेणारा मुद्दाम चुकतो. त्याचे दोन-तीन येतात.

सुधाकर : म्हणजे दहा आले तर मी खरा माणूस.

ऋता : हो.

सुधाकर : आणि वीस आले तर मी मिक्सिंगला.

ऋता : हो.

सुधाकर : बांध गं. घट्ट बांध, नंतर म्हणेल खालून दिसत होतं.

ऋता : पहिली. ही दुसरी.

सुधाकर : पुन्हा.

ऋता : पहिली. दुसरी.

सुधाकर : पहिली.

ऋता : पुढची जोडी. पहिली. दुसरी.

सुधाकर : पहिलीच. बरोबर आहे ना?

ऋता : मधे सांगत नसतात. पुढची.

सुधाकर : दुसरी. ही एकदम साफ आली. या वेळी काही प्रश्नच नाही. हा माझा जुना गुलाब, उन्हात ठेवून सहा महिने मुरवलेला, तो असा आधी नुसता गोड येतो आणि मग मागून थोडा पानाचा, हिरवा.

रजनी : अहो, बोलू नका. ती गोंधळेल.

ऋता : पुढची. पहिली. दुसरी.

सुधाकर : दुसरी.

रजनी : मी खिडकी उघडते. सगळं घर भरून गेलंय गुलाबाने. डोकं दुखायला लागलं माझं.

सुधाकर : भरलंय? हो. मीही तेच म्हणणार होतो.

ऋता : पहिली. दुसरी.

सुधाकर : पहिली. नाही, थांब. पहिलीच.

(विसावी जोडी होते. ऋता वाट्या झाकून ठेवते.)

सुधाकर : झालं? सोडू ओढणी?

ऋता : सोडा.

सुधाकर : मधे दोन-तीन ठिकाणी अडखळलो, ते मान्य. पण शेवटच्या सगळ्या पक्क्या होत्या. सोळा असतील. रजनी, तू बघत होतीस, सोळा आले ना?

रजनी : तिलाच विचारा.

सुधाकर : सांग बेटा. किती?

ऋता : वीसपैकी नऊ.