चहाचं बोलली, शाळेचं नाई

इथी जमलेल्या सगळ्या भावायले, बायायले माहा नमस्कार. मले भाषण येत नाई. मी या शाळेत खिचडी शिजवत होती. "रांगेत बसा, सांडू नका," एवढंच मोठ्यानं बोलाची मले सवय. आज माईक हातात देल्ला. अन् बोलाचं काय, तर शेवंताबाई गेल्यावर शेवंताबाईवर! ती असती तर म्हणली असती, "पार्बता, रडाचं असन तर आधी रडून घे, मंग बोल."

शेवंताबाई आपल्या शाळा समितीची अध्यक्ष. हे जे कुलूप लागलं हाये नं मागं, त्याच शाळेची. पावण्याले चहा-पाण्याबिगर जाऊ न देणारी बाई. त्याच चांगुलपणानं तिचा घात केला.

आठवते नं तो दिवस? शिक्षण खात्याचे साहेब येणार म्हणून आपण सकाळपासून याच आवारात बसलो. साहेब आले उन्हं कलल्यावर. उभ्याउभ्याच कागद वाचला. पोरं कमी हायेत म्हणे, तुमच्या शाळेचं समायोजन होईल. समायोजन! आपल्याले वाटलं, काहीतरी देऊनच राह्यले; शाळा बंद करून राह्यले, हे कोणाले समजलं? मंग साहेबानं घड्याळ पाह्यलं. म्हणाले, "उशीर झाला. कुणाची काही हरकत?" शेवंताबाई चहाचा कप घेऊन समोरच उभी होती. हासली. म्हणे, "हरकत नाई साहेब, चहा घ्या."

सांगा बाप्पा, आपण काय म्हणतो? कोणाचा पाय लागला, हरकत नाई. पावणा उशिरा आला, हरकत नाई. तिले वाटलं, साहेब उशिराची माफी मागून राह्यले.

कुलूप लागलं तवा आपण ऑफिसात गेलो. तिथी काय ऐकलं? "तुमच्याच अध्यक्षबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, हरकत नाही." शेवंताबाई हात जोडून सांगे, "साहेब, मी चहाचं बोलली, शाळेचं नाई." साहेब म्हणे, "आता वरून झालं." वरून म्हणजे कुठून? आजपर्यंत मले कोणी दाखवलं नाई. कितीक चकरा मारल्या. हा साहेब बदलून गेला, तर दुसरा म्हणे मी नवा हावो.

मंग तिनंच लेकरायले पलीकडच्या गावच्या शाळेत न्यायले सुरुवात केली. मधात जंगल, अन् जंगलात वाघ. शहरातले लोक पैसे देऊन वाघ पाहाले येतात. आपले लेकरं तो दिसू नये म्हणून थाळ्या वाजवत शाळेत जातात. पुढं शेवंताबाई, काठी घेऊन. शाळा सुटेपर्यंत ती तिथीच मोहाच्या झाडाखाली बसून राहे. मी म्हणलं, "बाई, घरी येऊन पाठ टेकवत जा." ती म्हणे, "एकटीनं जंगल पार कराची हिंमत नाई माही. मले का भ्या नाई वाटत?"

त्याच झाडाखाली गेली ती. शाळा सुटली, लेकरं आले, त्यायले वाटलं आजी झोपली. दमली असन म्हणून कोणी उठवलं नाई. बिचारे भवताल बसून राह्यले. झोप मोडू नये म्हणून हळूहळू बोलत होते. डॉक्टर म्हणे, हृदय बंद पडलं.

मले लय राग येते. पण कोणावर काढू? साहेबावर काढावं तर तो बदलून गेला. शेवंताबाईवर काढावं, तर तिनं एका माणसाले चहाच तर देल्ला.

आता एवढंच विचारते. उद्या शाळा हाये. लेकरायले कोण नेणार?

बोला नं.

पाहा, सगळे खाली पाहून राह्यले. मी बी. माहे गुडघे दुखतात, हे खरंच हाये. पण गुडघ्याहून भ्या जास्त हाये, हे बी खरं.

दोन मिनिटाची शांतता तर आपली सुरूच झाली. चला, उभं राहून पाळू.

शेवंताबाई, तुले आखरीचा जय सेवा.