चिकट पानाचा फोटो

“तुमचं झाड आजारी पडलं, तर माझ्या वेबसाइटवर कमेंटमध्ये फोटो टाकाल का?” मैत्रिणींनी ‘विचारून दाखव’ अशी पैज लावली म्हणून त्या शाळकरी मुलीने दातांच्या दवाखान्यात शेजारच्या दोन मावशींना विचारलंच. फोटोंशिवाय साइट ओस पडेल, असं मैत्रिणींचं म्हणणं.

“टाकीन की!”

“ही नातवाचेच टाकेल.”

“गप गं! माझ्या गुलाबाची पानं पिवळी पडलीत.”

“खालून बघितलीस?”

“बघितली नाहीत बाई. हाताला चिकट लागतात मात्र.”

“अगं, मग मावा कीड पडलीय! साबणाचं पाणी मार. महिनाभर मला त्याचे फोटो पाठवत होतीस, चिकट म्हणाली नाहीस कधी.”

“तू विचारलंस कधी?”

घरात शिरताच तिने दप्तर फेकलं.

“आई, बाबा, ठरलं! फोटो बंदच. लोकांना पानाला हात लावून लिहू दे. ओस पडली साइट तर पडली!”