नमुन्याची बाटली

—हसू नका मॅडम, आधी बसा. ही खुर्ची घ्या, ती नको, तिचा पाय मोडलाय. तुमी दारातनं म्हणालात 'मावशी, नमुना न्यायला आलेय', मला वाटलं आमच्या ह्यांनाच न्यायला आलात! न्या की! ते काय गोठ्यात बसलेत, महिपतराव — बत्तीस वर्षं सांभाळलाय, असला नमुना साऱ्या मावळात घावायचा न्हाई. काय? नदीच्या पाण्याचाच पायजे? बरं, ऱ्हायलं.

मग पाणीच न्या, पर नीट न्या. वरच्या अंगाला शहराचा प्लांट हाय न्हवं, सांडपाणी साफ करायचा — करतो का साफ? न्हाई करत! आमचा पोरगा पवन तितं वॉचमन हाय, तो सांगतो, हवा मारायची मशीन बंद पडून पाच महिने झालं. शनवार-रविवार लोक मजा करायला वर येत्यात, आन त्यांची मजा सोमवारी आमच्या दारात येती — फेस! हातभर फेस! भाताच्या आवणीला उतरलेल्या बाया रात-दिस पाय खाजवत्यात. म्हस हो, चिखलात लोळणारी म्हस — ती त्या पाण्यात तोंड घालीना! म्हशीला कळतं, हापिसातल्यांना कळंना.

आन मागल्या टायमाला रिपोट काय आला? पाणी उत्तम! तक्रार बंद! ग्रामसभेत वाचला, तवा मीच उठले आन म्हणले, त्या चष्मेवाल्यानं पैसं खाल्लं. नमुना न्यायला तोच आलता ना — निवृत्ती म्हणं, नाव निवृत्ती आन अजून नोकरीत! चौथी शिकलेली बाई मी, पर कचेरीच्या दारात दोन दिस ठिय्या दिला. त्याची बदली झाली तवाच उठले. आन दुसऱ्यांदा नमुना घ्यायला तुमाला धाडलं तेबी माझ्यामुळंच. कुटं टाकला वं त्याला? नंदुरबारला? अगं बया, एवढ्या लांब? — बरं झालं!

तसा माणूस गरीब वाटायचा, खोटं कशाला बोलू. उन्हातनं आलता, अशीच बर्फाची पेटी घिऊन. ओट्यावर ठिवली, च्या पिला, 'मावशी, जरा हातपाय धुतो' म्हणून मोरीकडं गेला. मी आपलं सहज झाकण उघडलं — तर बाटलीत ती घाण, काळीकुट्ट! लाज वाटली मॅडम मला. पावणा माणूस, गावातनं पाणी नेणार, मोठ्या हापिसात दावणार, आन असलं? लोक म्हणतील, चांगलं पाणी भरून देणारी एक बाई न्हवती त्या गावात? म्हणून बाटली मोरीत उपडी केली, राखेनं घासली, तीन पाण्यानं विसळली, आन आमच्या हापशाचं पाणी, पदरानं गाळून, काठोकाठ भर…

…

असं बघू नका माझ्याकडं.

…उत्तम. उत्तमच येणार की वं! पदरानं गाळलेलं! — अगं आई गं, पोट दुखतंय हसून — दोन दिस ठिय्या दिला मी, ह्या हातानं बाटली घासून! — ओ, तुमाला काय झालं हसायला? ऐका, ऐका गोठ्यातनं कसं खिंकाळतंय माणूस! गप ऱ्हावा तिकडं!

आन हीबी बाटली उत्तम निघाली तर? — तक्रार कायमचीच बंद, व्हय ना? मग उठा. पेन हाय न्हवं, लिहा: मागली बाटली शालूबाईनं धुतली, त्या माणसाची काय चूक न्हाई. लिहिलं? वाचा. हां. त्याला माघारी आणत्यात का बघा, आला की त्याच्या पाया पडीन, पर ते मागनं.

आता ह्या वाटेनं सरळ जावा, प्लांटचा नाला नदीला मिळतो तितं, नाकाला पदर लावा आन भरा. भरली की तिथल्या तिथं झाकण, वर चिठ्ठी, आन तशाच गाडीत. हिकडं वळायचं न्हाई.

च्या? च्या न्हाई मिळायचा! निघा!