मामा योगिनी

घ्या ना भाऊ, अजून दोन भजे घ्या, गरम हायेत — नाई नाई, संकोच नका करू, मेडशीवरून धनजले यायचं म्हणजे काही जवळ नाई — अन् योगीचे बाबा नेमके आजच कारंज्याले गेले, सोयाबीनचं बियाणं पाह्यतो म्हणे, म्हणून तुमाले माह्याच तोंडचं आयकावं लागते, इलाज नाई. तर मी काय सांगत व्हती? हाव, पोरीचं काम. तुमी म्हणलं का फोटोत पोरगी चांगली दिसते, तुमच्या पोरालेबी पसंत हाय, पण आफ्रिकेत ती करते काय हे कोनी नीट सांगत नाई. मी सांगते ना! तुमच्या खिशात मोबाईल हाय ना, त्याच्या बॅटरीत एक धातू पडते, कोबाल्ट नाव त्याचं. तो निंघते काँगो देशात. मोठ्या खदानी तं हायेतच, पण लय लोक हातानं खांदतात — आपल्याच सारखं, सब्बल, फावडं, घमेलं. इहिरीसारखे खड्डे अन् त्याच्या आतून बोगदे. बाया नदीवर तो दगड धुतात. मंग तो विकत-विकत जाते कुठच्या कुठं, अन् बॅटरी बनवणाऱ्या कंपनीले सांगावं लागते का हा माल खांदताना कोन्या लेकराले राबवलं नाई, कोनाले मारलं नाई, कोनी दबून मेलं नाई. ते खरं का खोटं हे पाहाले पुण्याची एक संस्था हाय. तिची मानूस म्हणजे आमची योगिनी. अमरावतीले कॉलेजात दगडमातीचंच शिकली ती — हासू नका भागवतभाऊ, दगडमातीचंही शिक्षण असते, भूगर्भशास्त्र म्हणतात, मीबी पयले हासलीच व्हती.

खानं? खान्याचं लय बरं हाय. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करतात, आपल्या घाट्यासारखा, अन् संग पालाभाजी. पयल्या महिन्यात रडे — माय, भाकर पायजे, ठेचा पायजे. आता त्या बायायलेच ठेचा शिकवला तिनं! मिरची तठी भारी, म्हणे, आपल्या मिरचीची काय कथा. अन् एक गंमत सांगू का — तठी आईले मामा म्हणतात. हाव, मामा! अन् कोन्या बाईले नावानं नाई हाका मारत, तिच्या लेकराच्या नावानं मारतात. मंग एक दिवस इडिओ कॉल आला, पाह्यते तं दहा-बारा बाया एकमेकींच्या डोक्यावरून वाकून पाहून राह्यल्या, अन् साऱ्या एका सुरात — मामा योगिनी! मामा योगिनी! योगीचे बाबा मांगून म्हणतात, घे, आता भाचीचं लगन तुलेच लावावं लागते. तवापासून सारी गल्ली मले मामाच म्हणते. रुख्मिणीबाई गेली, मामा राह्यला.

आता तुमी म्हणसान, पोरीच्या जातीले हे असलं काम कोनी लावलं. कोनी नाई लावलं, तिनंच धरलं. काहून धरलं ते मले ठाऊक हाय — सांगू? राहू द्या — बरं, सांगतेच, आता इतके दुरून आले तुमी. आमचं वावर कोरडवाहू. तूर निंघाली का पाऊस येईपर्यंत हाताले काम नाई. तवा आमी मानोऱ्याकडं गिट्टीच्या खदानीवर जाऊ. योगी पयलीत व्हती, पण आमी निंघालो का तीबी निंघाली, घरी ठेवावं कोनापाशी? तठी सारेच पोट्टे मायबापाजवळ बसून हातोडीनं दगडं फोडत, पयले खेळ वाटे त्यायले, मंग हात दुखले का रडत. एक दिवस जीप आली. आतमधी सरकारी सायब. त्यानं बसल्या-बसल्याच पाह्यलं, फोटो काढले, ठेकेदाराले बोलावून झापलं. चांगला मानूस व्हता हो, मी त्याले वाईट म्हणत नाई — लेकरायनं दगडं फोडू नये हे त्याचं म्हननं खरंच व्हतं. पण ठेकेदारानं तठीच हात झाडले, म्हणे खदान बंद, निंघा सारे. मी धावली जीपीच्या मांगं. योगी कडेवर व्हती, तिच्या पायात काटा रुतेल व्हता. म्हणलं, सायब, आता आमी कुठं जावं? त्यानं काच वर केली. धुळा उडत व्हता म्हणा, धुळ्यापायी केली असन. जीप गेली. मंग आमी कुठं गेलो? दुसऱ्या खदानीवर — अशी आतमधी का तठी कोन्तीच जीप येत नाई. सावली नाई, पाणी नाई, अन् तठीच योगीचं डाव्या हाताचं बोट दगडाखाली — अर्र!

पाहा बाप्पा. हे सांगायचंच नव्हतं. यायनं जातानी बजावलं व्हतं, बोटाचं बोलू नको, पाहुणे शयाने हायेत. फोटोत दिसत नाई ना? कसं दिसन, हात पदराखाली हाय — मीच घ्याले लावला. आता सांगलंच तं पूर्ण सांगते, बोटाचं एक पेर नाई, बाकी काही अडत नाई, पोळ्या लाटते, गाडी चालवते, तठी तं जीप चालवते. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.

तर तठी काय झालं — मागच्या साली. नदीकाठी एक खड्ड्यायची जागा हाय, सारं गाव त्याच्यावर जगते. योगी तपासाले गेली. सांगून गेली तं एकबी लेकरू दिसलं नाई, सारं कसं साफसूफ, तिले हारबी घातला. तिले वाटलं हे लयच साफ हाय. मंग दुसऱ्या दिवशी न सांगता गेली. तं काय — पोट्टे डोक्यावर पोते घेऊन चढ चढून राह्यले, मानेच्या शिरा अशा तटतटलेल्या. आता नियम कसा, का लेकरू दिसलं तं तसं कळवायचं, कळवलं का कंपनी तठून माल घेनंच बंद करते. कंपनीचं नाव साफ, गावाचं काय व्हते ते गाव पाहीन. ही जीपीत बसली, निंघाली, तं एक बाई आडवी आली. कापिंगा नावाची — मगा सांगलं ना, त्या कॉलवर साऱ्यात मोठ्यानं वरडत व्हती तीच, माल धुणाऱ्या बायायची मुकादमीण. तिचा पोरगाबी त्या पोट्ट्यायमधी. तिनं काचेवर हात ठेवला अन् म्हणे, तू आता कळवशील, हे बंद होईन, आमी टेकडीपलीकडच्या खड्ड्यावर जाऊ, तठी बंदूकवाले हायेत, तठी तू येणार नाईस — मंग माह्या पोराले कोन पाहीन? अन् भाऊ, योगीचं बोट काचेच्या बटनावर! धुळा लय येत व्हता म्हणून ती काच वरच करून राह्यली व्हती. ती सांगते, माय, अर्धी काच वर गेली व्हती, अन् मले त्या काचेत तूच दिसली.

तठूनच तिनं मले फोन लावला. मी वावरात, तुरीत निंदण सुरू. म्हणे, माय, त्या दिवशी मानोऱ्याच्या खदानीवर सायबानं काय कराले पायजे व्हतं? मी म्हणलं, पोरी, हे काय भलत्याच येळी, मले काय समजते त्यातलं. तं म्हणे, नाई, सांग, तू धावली व्हतीस ना. मी उभी राह्यली तशीच खुरपं हातात घेऊन. म्हणलं, काय कराले पायजे व्हतं — खाली उतराले पायजे व्हतं, अजून काय. दोन गोष्टी इचाराले पायजे व्हत्या. ती म्हणे, माय, मी उतरली. अन् फोन कटला तिचा. मले बाई दिवसभर काही सुधरलं नाई, तुरीची रोपंच उपटली मी तणासंग, हे वरडले माह्यावर.

मंग तिनं काय केलं — तिनं कळवलं. लपवलं नाई, तशी नाई ती. लेकरं राबतात हे साफ लिहिलं, पण खाली लिहिलं का माल घेनं बंद करू नका, बंद केलं तं हेच लेकरं पलीकडच्या खड्ड्यात दिसतीन, घेत राहा अन् इथंच सुधरवा. झालं! पुण्याचा सायब तापला. म्हणे, तुले तपासाले पाठवलं का पंचायत बसवाले? कंपनीचा मानूस म्हणे, आमाले लफडं नाई पायजे. नोकरी जाते का राह्यते असं झालं. योगीच्या बाबानं अठून फोनवर समजावलं, पोरी, ते म्हणतात तठी सही कर अन् वापस ये, आपल्याले काय करायचं त्यायच्या देशाचं. ती म्हणे, बाबा, एक डाव त्यायले गावात येऊ द्या, मंग येते. अन् तिनं आणलं भाऊ! कंपनीचा गोरा मानूस, पुण्याचा सायब, त्या देशाचा खदानीचा अधिकारी, साऱ्यायले आंब्याच्या झाडाखाली बसवलं — हाव, तठीबी आंबे हायेत. पयले कोन बोललं? कापिंगा. अन् बोलताना थांबे कायले! लेकरायले आमी हौसेनं नेत नाई, म्हणे, घरी ठेवावं तं कोनापाशी? आयका — आयका हे! तेच शब्द. मी अठी, ती तठी, आमची भाषा एक नाई, रंग एक नाई, अन् तोंडात शब्द तोच.

गोड गोड सारं झालं असं नाई. दिवसच्या दिवस भांडण चाललं. शेवटी कंपनी कबूल झाली. नदीपाशी टिनाचं छप्पर केलं, तठी लेकरं, एक मास्तरीण, दुपारचं जेवण. खड्ड्याले उतरत्या पायऱ्या काढल्या, पावसात बोगद्यात उतरायचं नाई असं ठरवलं, अन् मापात कोनी फसवू नये म्हणून वजनाच्या काट्यापाशी बायायची एक मानूस उभी राह्यते आता. पण दोन पोट्टे पळाले छपराखालून, पलीकडच्या खड्ड्यावर. एक वापस आला. एक नाई आला. त्याच्याबद्दल योगी बोलत नाई, मीबी इचारत नाई… भजे राह्यलेच की तुमचे. मी बोलून राह्यली अन् तुमी नुसते आयकून राह्यले.

पण आता या उन्हाळ्यात दुसरे लोक आले तपासाले, न सांगता आले, तीनदा आले, अन् म्हणे हा खड्डा ठीक हाय, याचा माल घ्या. त्या दिवशीचा इडिओ हाय — थांबा, चश्मा कुठं गेला — हं, हे पाहा. ढोलकं आयका, आपल्या डफड्यासारखंच वाजते. ही जाडी, पिवळ्या फडक्याची, ते कापिंगा. अन् तिच्या बाजूले हिरवं गुंडाळून — हाव, नाचून राह्यली तेच आमची. हाव, चिखलातच. नवरीचं पाह्यनं असं नाचताना नसते दाखवत, मले समजते, पण तुमी काम इचारलं म्हणून दाखवलं. अन् पाहा, वर उचलला हात कोन्ता हाय? डावा! मी फोटोत पदराखाली लपवला अन् ही साऱ्या काँगोले दाखवून राह्यली!

काय म्हणलं?

नाई, आयकू आलं मले. लगनानंतर नोकरी सोडीन का. तुमच्या पोराचं कृषी केंद्र चांगलं चालते, घरचं पाह्याले मानूस पायजे, म्हणून. बरोबर हाय तुमचं, तुमच्या जागी मी असती तं मीबी हेच इचारलं असतं. अन् खरं सांगू का — याचं उत्तर ठरेल व्हतं. योगीचे बाबा म्हणले व्हते, इचारलं तं हाव म्हणजो, पुढचं पुढं पाहू. मी पाठच केलं व्हतं — सोडीन की, सोडीन, काय त्यात. सकाळी भजे तळताना दोनदा म्हणून पाह्यलं.

अन् आता तोंडातून निंघत नाई भाऊ. पाहा ना, मी सांगत गेली, सांगता सांगता मलेच आयकू आलं. तिले पुढच्या महिन्यात दुसऱ्या जागी जायचं हाय, कुठं ते म्हणत व्हती, नाव मले येत नाई, तठीबी कोनी एखादी कापिंगा जीपीपुढं उभी राहीन. तठी जीपीत कोन असावं? तुमीच सांगा. नाई, नका सांगू.

ती नाई सोडणार. हे ती म्हणत नाई, तिले तं तुमी आल्याचंबी ठाऊक नाई. हे मी म्हणते. हे आले का माह्यावर वरडतीन, वरडू द्या, उद्या ठंडे होतीन. तुमचा पोरगा वाईट हाय असं मी म्हणत नाई. त्याले वाटलं तं मले फोन कराले सांगा, मी तिच्याशी बोलणं करून देईन, तो अन् ती पाहून घेतीन. पण नोकरी सोड म्हणाले येऊ नका, त्या बोलण्यासाठी या घरात आता भजे तळल्या जाणार नाई.

उठून राह्यले? राग नाई ना धरला? हे घ्या, घरची तुरीची डाळ हाय, वहिनीले द्या — घ्या हो, डाळीवर कायचा राग. अन् हे पाहा, हॉर्न वाजला, कारंज्याची गाडी आली, ते फाट्यावर जास्त थांबत नाई. पिशवी सांभाळा. निंघा भाऊ, निंघा, धावत जा!