अक्कांची बरणी आणि सात पळ्या

मंडळी, बसलात नीट? टाळकरी बुवा, टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले काका, सूर धरून ठेवा, पण हळू! माझं दहा महिन्यांचं लेकरू तुमच्याच मागं झोपलंय. ते उठलं, की कीर्तन त्याचं आणि मी साथीला!

तर आजचा प्रश्न. सरळच विचारते. बाई गरोदर आहे. तिनं थोडीशी – अगदी थोडीशी – घेतली, तर चालते का?

आता बघा! बायका माझ्याकडं बघायला लागल्या आणि पुरुष सतरंजीकडं! अहो, तुम्हाला कुठं विचारलं? तुम्हाला कितवा महिना? पोटं दिसतायत, ते मान्य आहे!

हो का नाही, ते मी आत्ता सांगत नाही. ऐका.

तासगावकडं बेदाण्याचं एक गाव आहे. त्या गावात अक्का म्हणून एक बाई. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि आवाज असा, की नुसतं 'अगं' म्हणाल्या तर तीन गल्ल्यांतल्या बायका 'ओ' देतात! गावात दारूचं दुकान हवं का नको, यावर बायकांचं मतदान झालं होतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. अक्कांनी घरोघरी फिरून बाटली आडवी केली. अशी आडवी, की ती आजतागायत उठली नाही!

अशा घरात सून आली अर्पिता. बी.एस्सी. झालेली. स्वभाव कसा? दूध उतू जायच्या आधी तिला धडधड. सातवा महिना लागला तसं बाळाचं हलणं वहीत मांडून ठेवायची. बाळ हललं नाही, की घाबरायची. आणि जास्त हललं? तरी घाबरायची! हसू नका. ज्यांनी पोर पोटात वाढवलंय, त्यांना विचारा.

आणि नवरा? त्याचं नाव संग्राम! नाव ठेवलं संग्राम, पण आईपुढं कधी चकमकसुद्धा नाही!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अर्पिताला सगळं समजावलं. म्हणाल्या, "दारू एक थेंब नको. आईच्या रक्तातनं ती बाळापर्यंत जाते. अमुक एवढी चालते, असं माप आजवर कुणाला सापडलेलं नाही. म्हणून माप एकच, शून्य."

अर्पिता हसली. "डॉक्टर, आमच्या घरी सगळे माळकरी! तेवढी एक काळजी मला नाही."

मंडळी, काळजी कुठं बसलेली असते, ठाऊक आहे? जिथं आपण बघतच नाही तिथं! ती बसली होती अक्कांच्या कोठीत, गव्हाच्या भुशात, गळ्यापर्यंत पुरून घेऊन!

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी अक्कांनी भुशातनं एक चिनी मातीची बरणी उपसली. आत काळे बेदाणे, गूळ, पाणी आणि मुरायला घालतात ती धायटीची फुलं. महिनाभर मुरलेलं. तोंडाचा फडका सोडला आणि – फुस्स! वर फेस. वास असा, की भिंतीवरची पाल दोन पावलं मागं सरली!

अर्पिता मात्र वाकून बघायला लागली. गोड पदार्थ महिनाभर बंद ठेवला, त्यावर फेस आला, की आत काय तयार होतं, हे ती प्रयोगशाळेत शिकली होती. परीक्षेत दहा मार्कांना आलं होतं!

"अक्का," ती भीतभीत म्हणाली, "यात दारू असते हो."

बाई बाई बाई! अक्कांच्या हातातला फडका तिथंच राहिला.

"माझ्या घरात दारू? बाटली कुणी आडवी केली गावातली? ह्यो आसव हाय आसव! आमच्या घरात प्रत्येक पोटुशीनं घेतलाय. सात सुवासिनींच्या हातनं सात चमचं. चमच्यानं काय हुतंय?"

बघा हं. गावातली बाटली आडवी, आणि घरातली बरणी उभी! मी करते ते औषध, शेजारी करतो ते व्यसन!

अर्पिता नवऱ्याकडं गेली. "अहो, आईंशी बोला ना."

संग्रामनं एक बेदाणा तोंडात टाकला, म्हणजे उत्तर द्यायला नको. तिनं वाट बघितली. त्यानं आणखी एक टाकला. शेवटी म्हणाला, "थोडंसंच तर आहे गं."

"बाळही थोडंसंच आहे," ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

दुसरा दिवस उजाडला. हिरवी साडी, मुकुटापासनं बाजूबंदापर्यंत फुलांची वाडी, अंगणात सजवलेला झोपाळा. त्यावर अर्पिता. समोर सात सुवासिनी रांगेत. आणि अक्का कोठीतनं आल्या, एका हातात बरणी आणि दुसऱ्या हातात चमचा... कसला चमचा? वरण वाढायची पळी! असे सात 'चमचे'!

अर्पिताचा हात पोटावर गेला. आत बाळानं टुणकन पाय मारला. सगळ्या गल्लीसमोर नाही म्हणावं, तर सासूचा अपमान. हो म्हणावं, तर... करायचं काय? पहिली पळी ओठांपर्यंत आली. आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"अक्का! तुमच्या आधी मी कशी घेऊ? ज्यांनी केलं, त्यांनी आधी."

"बघा गं, सून बघा माझी!" अक्कांचा ऊर भरून आला. चतुर्थी होती, पोटात सकाळपासनं चहाशिवाय काही नाही. घेतली पळी. गट्ट!

अर्पिताला नुसता वेळ काढायचा होता हो. पण लगेच दुसरी सुवासीण पुढं. आता?

"अक्का, ही तुमच्या देवाच्या नावानं."

गट्ट! तिसरी माहेरच्या नावानं. गट्ट! चौथीला अक्का म्हणाल्या, "गोड झालाय गं यंदा." आणि बसल्या. पाचवीला हसल्या! मंडळी, अक्का हसल्या! गल्लीतल्या दोन पोरी घाबरून रडायला लागल्या. सहावी घेतली आणि अक्का उठल्या, सुनेला म्हणाल्या, "सर की जरा, सगळं कवतिक तुझंच व्हय?" आणि फुलांच्या झोपाळ्यावर चढून बसल्या! सुनेच्या डोक्यावरचा मुकुट काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि गर्जल्या, "माझ्या भगिनींनोऽऽ! बाटली... आडवी... झालीच पायजे!"

आणि स्वतःच आडव्या झाल्या!

तेव्हा कुठं संग्राम, जो जन्मात आईपुढं बोलला नव्हता, तो बोलला.

"आई, तुला चढली का काय?"

सातवी सुवासीण पळी घेऊन उभीच होती. अर्पितानं ती तिच्या हातनं काढून घेतली आणि जमिनीवर पालथी घातली. "आता पुरे," ती म्हणाली.

संध्याकाळी अक्का खाटेवर. कपाळाला ओला फडका. सून शेजारी, हातात भाताची पेज. अक्कांनी कपाळावरचा फडका बाजूला केला. मग हळूच विचारलं,

"पोरी, माझं वजन किती गं?"

"अडुसष्ट किलो. मागच्या महिन्यात केलं होतं ना."

"आन् ह्याचं?" अक्कांनी तिच्या पोटाकडं बोट केलं.

"किलोभर असेल."

मंडळी, आता हसायचं नाही. त्या म्हणाल्या, "मला पुरे झालं तवा मी आडवी तरी पडले. ह्यानं आतनं कुणाला सांगायचं हुतं, पुरे म्हणून?"

आणि तोंड भिंतीकडं करून, "आजवर किती जणींना पाजला गं मी..."

अर्पितानं त्यांचा हात धरला. "पोरं धडधाकट झाली अक्का, ते नशीब. तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता आहे."

दुसऱ्या दिवशी बरणी परसात लवंडली. कोंबड्यांनी बेदाणे टिपले, आणि भर दुपारी दोन वाजता कोंबडा आरवला! थांबेचना! संग्राम त्याला धरायला धावला, तर तो ह्याच्यावरच चालून आला. तिथंही संग्रामची माघार! आता त्या बरणीत लिंबाचं लोणचं असतं. आणि गल्लीत कुठंही डोहाळजेवण असलं, की अक्का दारातच उभ्या. बरण्या हुंगूनच आत सोडतात!

तर मंडळी, चालते का थोडीशी?

मागच्या रांगेतले पाहुणे, हसू नका. 'बिअर म्हणजे काय, थंड पाणीच की!' म्हणून बायकोपुढं ग्लास सरकवणारे तुम्हीच. आणि पुढच्या रांगेतल्या मावश्यांनो, 'आमच्या वेळी कुठं काय झालं' म्हणणाऱ्या तुम्ही! आणि गप्प बसून बेदाणे चघळणारे संग्राम तर गावोगाव! थोडंसं, थोडंसं म्हणता, पण थोडंसं कुणाला? माप देणाऱ्याच्या हातानं नका मोजू, घेणाऱ्याच्या पोटानं मोजा. घेणारा मूठभर आहे. त्याला नको म्हणता येत नाही. त्याच्या वतीनं नको म्हणायला आपण सगळे आहोत ना?

आहोत ना? मोठ्यानं म्हणा! ...झालं, उठलं माझं लेकरू! काका, सूर वाढवा.

आणि हो, अक्का आज इथंच आल्यात. "सांग बिनधास्त," म्हणाल्या, "पण गाव बदल." गाव मी बदललंय. तेव्हा मागं वळून कुणी शोधू नका. जाताना प्रसाद घेऊन जा. निर्धास्त घ्या, हुंगूनच आत सोडलाय!