डॉक्टरांचा उंट आणि माझी दाढ

...नाही, पण मला सांगा, ज्याच्या हातात उद्या सकाळी आपली दाढ जाणार आहे, त्याच्याशी आज संध्याकाळी बुद्धिबळ खेळावं का माणसानं? पण क्लबाच्या सेक्रेटरीनं जोड्या ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्यासमोर आलं कोण? दातांचे डॉक्टर! तुम्हाला सांगतो, या माणसाला मी तोवर एकदाही हरवलेलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा हरवायचं, एवढीच इच्छा राहिली होती हो माझी!

बसले. पांढरी मोहरी त्यांची. राजापुढचं प्यादं, मग घोडा, मग उंट... इटालियन ओपनिंग! क्लबात ज्याला त्याला तीच येते. पण डॉक्टरांचा उंट निघतो ना, तो थेट माझ्या राजाशेजारच्या प्याद्यावर डोळा ठेवून बसतो, ज्याला राजाशिवाय कुणी वाली नाही! आणि वर गोड आवाजात, "दुखणार नाही हं!" अहो, दवाखान्यात सुई टोचण्याआधी हेच म्हणतात, आणि मग आपण खुर्चीतून हातभर वर!

इकडे गालात ठणका, तिकडे त्यांचा घोडा माझ्या घरात... "दुखणार नाही हं!" प्यादं गेलं. "दुखणार नाही हं!" माझा उंट गेला! आणि मग डॉक्टरांना काय हाव सुटली कोण जाणे, त्यांच्या वजिरानं माझा कोपऱ्यातला हत्ती खाल्ला आणि परतीची वाट बंद! वजीर अडकला! मी तो घेतला! पुढचा डाव संपल्यातच जमा. डॉक्टरांनी हार मानून राजा आडवा केला. पटाकडे बघितलं. मग माझ्या गालाकडे. मग हसले... ते हसणं काही मला आवडलं नाही.

आता आमच्या क्लबाची रीत अशी, की हरलेल्यानं आपल्या हातानं फळ्यावर निकाल लिहायचा. सेक्रेटरी खडू घेऊन उभा. डॉक्टर म्हणाले, "उद्या लिहितो. आधी यांची दाढ तर काढून होऊ दे."

सकाळी खुर्चीत मी. डोळ्यांवर दिवा, तोंडात कापूस, त्यांच्या हातात पक्कड, आणि कानाशी तोच गोड आवाज, "कालचा डाव बरोबरीतच सुटला ना हो?"

डोलावली मान! तुम्ही काय केलं असतं?

आता परवापासून दुसऱ्या बाजूची दाढ ठणकायला लागलीय. तडक क्लबात गेलो आणि डॉक्टरांशी व्हायच्या पुढच्या डावाचा निकाल माझ्याच हातानं फळ्यावर लिहून आलो.