चार बोटं सैल

(अंगणात सायकल उभी. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ताडपत्रीच्या नव्या पिशव्या.)

मुलगी : चार फुटली.

बाबा : किती होती?

मुलगी : सहा. अंडी आहेत म्हणून ऑम्लेट तरी होईल, बाबा. उद्या यात चष्म्याच्या दुकानातली पेटी असणार आहे. डोळे तपासायच्या दोनशे बत्तीस काचा. त्यांचं काय करू, तळू?

बाबा : कुठून गेलीस?

मुलगी : टाकीच्या उतारावरून. मुद्दामच. वरच्या वस्तीचा रस्ता याहून खराब आहे.

बाबा : कडी सुटली?

मुलगी : कडी पक्की आहे. वळणावर पिशवी झुलते आणि चाकाच्या दांडीवर आपटते. पट्टा सैल आहे.

बाबा : सैल असणारच. चार बोटं सोडलाय. बत्तीस वर्षं ताडपत्र्या शिवून ट्रक झाकले मी. ताडपत्री ताणून बांधली की वाऱ्याने फाटते.

मुलगी : अहो, पण हा ट्रक आहे का? इथे वाऱ्याचं भय नाही, खड्ड्यांचं आहे.

बाबा : हं.

मुलगी : हं काय?

बाबा : हं म्हणजे चुकलं. गावभर करू नकोस.

मुलगी : सकाळी सातला निघायचंय. मालकीणबाईंनी बजावलंय, एक काच तडकली तरी सायकलवरची फेरी बंद. मग वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी खाली यायचं म्हणे. ज्यांना पायरी दिसत नाही, ते तो उतार उतरणार?

बाबा : भाषण पुरे. पट्टा उसव. ताणून शिवू. म्हणजे तू शिव, मी सांगतो.

मुलगी : मी का?

बाबा : सुई ओवता येत नाही मला. या पिशव्यांची सुई शेजारणीकडून ओवून घेतली. हात गेला माझा. उगाच का घरी बसवलं ताडपत्रीवाल्यांनी? टाके वाकडे जायला लागले होते.

मुलगी : हा पेला धरा.

बाबा : पाणी नकोय मला.

मुलगी : प्यायला नाही. नुसता धरा. काठोकाठ भरलाय.

बाबा : धरला. पुढे?

मुलगी : अजून धरा... थेंब सांडला नाही, बाबा.

बाबा : मग?

मुलगी : मग हात कुठे गेलाय? आहे तिथेच आहे. डोळे कधी तपासून घेतलेत?

बाबा : मला लख्ख दिसतं. तो बघ टाकीवर कावळा.

मुलगी : दोरा कावळ्यात ओवायचाय का? शी! मी जगाचे डोळे तपासत फिरते आणि घरात...

बाबा : दिव्याखाली अंधार.

मुलगी : बोला, बोला. आज तुमचा हक्क आहे. थांबा, पेटी आणते.

बाबा : अगं, दुकानाची आहे ती! फुटली म्हणजे?

मुलगी : हातात आणतेय, तुमच्या पिशवीत नाही. हं, ही चौकट नाकावर बसू दे.

बाबा : घोड्याला झापड बांधल्यासारखं वाटतंय.

मुलगी : घोड्याने मान हलवू नये. पिशवीच्या शिवणीकडे बघा. ही काच बरी की ही?

बाबा : दुसरी.

मुलगी : आता? ही की ही?

बाबा : थांब.

मुलगी : काय झालं? टोचतंय?

बाबा : ही पिशवी कुणी शिवली?

मुलगी : कुणी म्हणजे? तुम्हीच.

बाबा : हे टाके माझे? आणि हे घेऊन तू चार लोकांत जाणार होतीस?

मुलगी : मला छान वाटल्या हो.

बाबा : तुला काय कळतंय! नुसता पट्टा नको, सगळं उसव. दोन्ही पिशव्या.

मुलगी : बाबा, सकाळी सातला...

बाबा : आत्ता तीन वाजलेत. भरपूर उजेड आहे. उरलेली दोन अंडी जपून ठेव, दिवेलागणीच्या आत परत उतार बघून यायचाय. आणि ही झापड सकाळपर्यंत माझी. ती सुई दे.

मुलगी : द्या तो दोरा, ओवून देते.

बाबा : ओवली.